इतिवृत्तात नसलेलं

एकतिसाव्या वर्षी मंडळीनं मला वडील केलं.
पाळकसाहेब पंचावन्नचे.
'या, वडील!' जिन्याच्या वरून हाक मारायचे,
आणि खालचा बेकरीवाला दर वेळी वळून बघायचा
कुणाचा बाप आला म्हणून.

पेशानं मी बेस्टचा मीटर वाचणारा.
दिसेल तो आकडा लिहायचा, मनचा नाही.
म्हणून सेशनची वही माझ्याकडे आली.
बावीस वर्षं लिहिलं:
प्रार्थनेनं सुरुवात. मागील इतिवृत्त वाचून कायम.
छपराची गळती. पायपेटीचा फाटका भाता.
पाळकांचा पगार चाळीस रुपयांनी वाढवावा,
पुढील सभेत विचार.
पुढील सभेत विचार.
पुढील सभेत.

जालन्याहून आले होते रेव्हरंड वसंत लाजरस चक्रनारायण,
दोन ट्रंका, एक शिलाई मशीन आणि रूथबाई घेऊन
भायखळ्याच्या त्या दीड खोलीत
जिला आम्ही बंगला म्हणत असू.
'मंडळी कशी आहे?' कुणी विचारलं की म्हणायचे,
'एकशे बारा घरं होती. गिरण्या थांबल्या, आता चौऱ्याहत्तर.'
आतून रूथबाई:
'मी बरी आहे. विचारल्याबद्दल आभार.'

उपदेशाला तीन मुद्दे.
तिसरा इतका लांबायचा
की बायका घरच्या मटणाच्या काळजीनं चुळबुळत.
बाप्तिस्म्याचं पोर रडलं तर थांबायचे,
त्याचं म्हणणं पूर्ण होऊ द्यायचे.
संपाच्या दिवसांत चाळीचाळीतून जात
आणि छत्री विसरून येत. मुद्दाम.
दुसऱ्या दिवशी छत्री न्यायला जायचं,
जाताना पिशवीत सहज दोन शेर तांदूळ,
सहज थोडी डाळ.
एकदा दोघांनी छत्र्या परत आणून दिल्या
तर बिचारे खट्टू झाले.

गुलाब साळवे, सायझिंग खातं,
शेवटच्या बाकावर बसायचा, खांबाच्या आड.
बुधवारी पहाटे त्यानं दोर घेतला.
सेशनमध्ये एक जण म्हणाला,
'असं मरणाऱ्याला मंडळीच्या खर्चानं?'
ते मी लिहिलं नाही.
कोण म्हणालं तेही नाही.
गुरुवारी पाळकसाहेब शिवडीला गेले,
पेटीचा एक कोपरा त्यांच्याच खांद्यावर,
खर्च कुणाचा, ते आजही हिशेबात सापडत नाही.
शिलाई मशीन मात्र त्यानंतर दिसलं नाही.

रविवार. शास्त्रपाठ झाला.
ते वर चढले, चष्मा काढला, परत घातला.
'आठवडाभर विचारत होतो.
उत्तर आलं नाही.
मलाच मिळालं नाही ते तुम्हाला काय वाटू?'
आणि खाली उतरले,
चालत चालत मागे गेले,
खांबाच्या आड, त्या बाकावर बसले.

चौदा मिनिटं. घड्याळ मी वाचलं, सवयीनं.
पायपेटीवरच्या पोरानं एक सूर धरला,
भात्यातून हवा गेली, सोडून दिला.
कुणी उठलं नाही.
कुणाच्या घरी काही करपत असेल तर करपू दिलं.
गुलाबची बायको पुढून दुसऱ्या रांगेत होती.
तिनं मागे वळून पाहिलं, फक्त एकदा,
आणि पदर नीट करून सरळ बसली.

सोमवारी वडीलजनांचा आग्रह:
उपदेश झाला नाही, अशी नोंद हवी.
प्रेसबिटरीला कळवावं, असंही कुणी.
मी पेन उघडलं.
उभ्या आयुष्यात मीटरचा आकडा बदलला नाही,
लाच देणाऱ्यांनाही चहा पाजून वाटेला लावलं.
लिहिलं: उपदेश झाला.
वेळ, चौदा मिनिटं.
पुढच्या सभेत ते इतिवृत्त वाचलं.
कुणी काही बोललं नाही. कायम झालं.

पगारवाढ मंजूर झाली
त्यांच्या निवृत्तीनंतर पाच महिन्यांनी.
जालन्यात गेले, तिथेच मातीत.
दफनाच्या नोंदीत व्यवसायाचा रकाना असतो, बोटभर रुंद,
म्हणे तिथल्या चिटणीसानं तो कोराच ठेवला.

रविवारी दुपारी मी फोन लावतो.
'मंडळी कशी आहे?'
'गुडघे सोडले तर बरी,' रूथबाई म्हणतात. 'आणि तुमच्याकडची?'
'एकोणतीस घरं.'
'छप्पर?'
'पुढील सभेत,' मी सांगतो.
त्या हसतात, खोकतात,
मग विचारतात पाळकांच्या खोलीत दाराआड
एक छत्री राहिलीय का अजून.