गजक

नाव कमलेश बँडवाल्याने ठेवलेलं.
रंगावरून, म्हणाला. तीळ आणि गूळ.
मला वाटलं खुरांवरून असेल:
पापुद्र्यावर पापुद्रा,
बोट लावलं की कड हातात.

अकरा लग्नसराया ती लष्करच्या डांबरावर नाचली,
दर रात्री पाठीवर नवा नवरदेव,
तोंडात जिलबी, पायांत लोखंड.
नाल निसटली की पुन्हा ठोकायची;
जुनं भोक सैल, म्हणून शेजारी नवं.
शेवटी आरशांची झूल उतरवून घेऊन
त्याने ती मला जवळजवळ फुकट दिली.
जवळजवळ. चार हजार मोजून घेतलेच.

फाल्गुनात इसरार नालबंद आला.
पाय मांडीवर घेतला, अंगठ्याने कड दाबली,
कड चुरली.
"बाई, भिंतच नाही, खिळा कशात मारू?"
चारही नाला उपटून पायरीवर ठेवल्या.
दाराला लावा, म्हणाला, हिच्या कामाच्या नाहीत.
स्वतःच्याच पोटावर पाय देणारा माणूस
मोतीमहालच्या कचेरीत एकतीस वर्षांत
मी पाहिला नव्हता.

मी भू-अभिलेखातली. रेघा वाचायची सवय.
तिच्या खुरांवर आडव्या रेघा होत्या,
जुन्या खसऱ्यासारख्या दाटीवाटीच्या.
ही मागच्या वैशाखातली असावी.
ही तापाची.
ही खोल गेलेली, इथे कुणी काही दिवस
दाणाच घातला नसेल.
आणि पुढच्या उजव्या पायाला, सगळ्या नोंदींवरून,
केसांपासून जमिनीपर्यंत उभा तडा,
कुणी पानच रद्द केल्यासारखा.

"हा जुळेल कधी?"
"जुळत नाही," इसरार म्हणाला. "उतरतो."

वरून नवं नख येतं,
महिन्याला बोटभरसुद्धा नाही,
तेवढंच जुनं खाली सरकतं.
दर पाचव्या रविवारी कानस, कड गोल,
म्हणजे जमीन तड्यात बोट घालून
त्याला आणखी वर ओढत नाही.
जो तो तेल सांगायचा. तेलाने चकाकतं, इसरार म्हणे,
धरत नाही.
गूळ बंद, हरभरा बंद
(समोरच्या मोघे वहिनी मला निर्दय म्हणाल्या).
कोरडं गवत, दळलेलं जवस,
आणि डॉक्टरांची तांब्या-जस्ताची पूड,
जी ती कोंड्यातून फुंकून नेमकी बाजूला काढते.
पुतळीच्या खाचेत घाण वास होता,
तिथे मोरचुदाच्या पाण्याचा बोळा.
गुलाब लावायचे होते त्या जागी
दोन ट्रॉल्या खडी ओतली.
पहिले दिवस ती खडीवर अशी चालायची
की दुसऱ्याच्या घरात अंधारात उठलेली बाई.

आषाढात तडा निम्म्यावर.
मग खूर भिजून मऊ पडले, उघडीप झाली की फुटले,
मागच्या डाव्याची एक कपची गेली.
त्या दिवशी कचेरीत माझ्या दोन नोंदी चुकल्या,
एकात नदीच खाजगी मालकीची झाली.

दिवाळीला दोन बोटं उरला होता.
माघात इसरारच्या कानशीखाली शेवटचा तुकडा पडला,
नखाएवढा, करडा.
मी ठेवणार होते. कुत्र्याने पळवला.
अकरा महिने मी ज्याचा हिशेब ठेवला
ते त्याने जिन्याखाली बसून
कुरकुर चावून संपवलं.

त्याच रात्री कंपूकडून वरात आली.
बँड कमलेशचाच. तो पहिला ढोल मला कळतो,
तिला तर कळणारच.
कान उभे, मान कमानीत,
आणि गजक नाचू लागली,
अंधारात, पाठीवर कुणी नसताना.
लोखंडाचा आवाज नव्हता. खडी नुसती
दाताखाली आल्यासारखी वाजत होती.

थांबवावं का मला ठरवता येईना.
वरात वळणाआड गेली तरी
ती बराच वेळ नाचत होती.

सकाळी खडीत वीतभर खड्डा.
कंदील लावून चारही खूर पाहिले.
मग फावडं घेतलं आणि खड्डा भरला.