अठरा घनफूट

जुलैत आमच्याकडे हिवाळा. सांता फेच्या सपाटीवरून
वारा थेट शेडमध्ये शिरतो, म्हणून मी पहाटे मोजत नाही.
हवा एकसारखी होऊ देते,
थर्मामीटर वाचते, बॅरोमीटर वाचते,
मग व्हॅक्यूम क्लीनरच्या आठ जुन्या मोटरी
एकदम किंचाळतात.

हा फ्लो बेंच बाबांनी बांधला, एर्मिंदो बोस्कियेरोने:
प्लायवूडची पेटी, काचेची नळी,
नळीत बीटाच्या रसाने रंगवलेलं पाणी.
कार्ब्युरेटर वर बसवायचा, तोंडाभोवती
मातीची गोल कड थापायची,
नाहीतर हवा काठाला ठेचकाळते.
थ्रॉटल पूर्ण उघडं. ओढ वीस इंचांवर धरायची
आणि डोळा पाण्याच्या पातळीत.
उभ्याने वाचलंस, बाबा म्हणायचे,
तर आकडा तुझ्या मनासारखा येईल.

परवा तिबुर्सिओने विचारलं, शिकाऊ पोरगं,
भोक बंद केलं तर शून्य येतं का?
मला हसू आलं.
मग आलं नाही.

पोलादी पत्रा, ग्रीस, चार क्लॅम्प.
मुंगीचा श्वास जाणार नाही असं बंद.
मोटरी लावल्या.
पाणी चढलं.
मिनिटाला अठरा घनफूट, कुठून तरी.

तिबुर्सिओने सिगारेट पेटवून पेटीभोवती फिरवली.
धूर सरळ, सरळ, सरळ,
मागच्या कोपऱ्यात वाकला आणि आत गेला,
घरच्या माणसासारखा, न विचारता.

फळीवर एक कार्ब्युरेटर आहे, कुणाचाच नाही.
दर एक जानेवारीला बाबा तोच मोजायचे.
वहीत एकोणऐंशीपासून तीनशे दोन,
तीनशे दोन, तीनशे एक, तीनशे दोन.
अठ्ठ्याऐंशीला तीनशे वीस.
त्या वर्षी आई रोसारिओला निघून गेली
आणि बेंच घरातून शेडमध्ये आला,
चौघांनी उचलून, एकदा आपटून.
आकड्याशेजारी बाबांचं अक्षर:
‘आज हवा चांगली आहे.’

त्यानंतर सगळी पानं अठराने श्रीमंत.
पण एकाच ओढीला गळती एकसारखी,
म्हणून कोणता कोणापेक्षा सरस
हे बाबांचं कधी चुकलं नाही.

भेग बुजवली. पाणी तळाशी बसलं.

गाल्वान्यो आला, रविवारी त्याची शर्यत.
सहाशे चौऱ्याहत्तर, मी सांगितलं.
तो भडकला. तुझ्या बापाकडे
हाच सहाशे ब्याण्णव होता!
बेंच गळत होता, मी म्हटलं.
गाडी रविवारी तेवढीच पळेल.
पैसे मोजून ठेवले त्याने, एक नोट कमी.

वहीत मी काही खोडलं नाही.
फळीवरचा तो उतरवला, धूळ पुसली,
मातीची कड थापायला घेतली,
आणि परत ठेवून दिला.
जानेवारीत मोजीन, उकाड्यात,
त्या दिवशी हवा कशी असेल ती असो.