भरतीला चाळीस मिनिटं

मंगळवारी मला पस्तीस पूर्ण होतील.
त्याआधी विमा घेतला तर साधा दर,
नाहीतर उशिराच्या प्रत्येक वर्षामागे शेकडा दोन जास्त,
असं फोनवरची मुलगी म्हणाली. आवाज गोड, पाठ केलेला.
मी म्हटलं, इथे वारा फार आहे, नंतर बोलू.
वारा नव्हता.

ओहोटीला आम्ही खाडीत उतरतो, फिआक्रा आणि मी,
छातीपर्यंत रबर चढवून,
आणि लोखंडी मांडवांवरच्या कालवांच्या पिशव्या
झटकून उलटवतो.
तशाच राहू दिल्या तर कालवं एकमेकांना धरून बसतात,
वेडीवाकडी वाढतात, पॅरिसचा व्यापारी नाक मुरडतो.
दिवसाला चारशे पिशव्या.
दोनशेच्या पुढे माझा उजवा खांदा बोलू लागतो.

आधीपासूनचं दुखणं असेल तर पाच वर्षं थांबावं लागेल,
हेही तिनेच सांगितलं.
आधीपासूनचं म्हणजे कधीपासूनचं?
दोनशेएकाव्या पिशवीपासून?
की आई गेली त्या हिवाळ्यात
तिचं कपाट मी एकटीने जिन्यावरून खाली आणलं, तेव्हापासून?

महिन्याला एकशे चार युरो.
घर तापवायच्या तेलाला साधारण तेवढेच लागतात.
म्हणजे आजच्या थंडीचे पैसे
साठीतल्या एका बाईला द्यायचे
जिला मी अजून भेटलेले नाही.
ती उपकार मानेल की नाही, कोण जाणे.
आमच्या घरातल्या बायका सहसा मानत नाहीत.

फिआक्रा सव्वीसचा आहे.
म्हणतो, तहान लागली की खणू विहीर.
मी म्हणते, बाळा, इथे
विहीर खणायलाही नंबर लावावा लागतो.

बाप खुब्याच्या ऑपरेशनसाठी एकोणीस महिने यादीत आहे.
दर सहा महिन्यांनी इस्पितळाचं पत्र येतं:
आपल्याला अजून यादीत राहायचं आहे का?
तो चष्मा लावतो, पत्र दोनदा वाचतो,
'हो'च्या चौकटीत खूण करतो, मतदान केल्यासारखी,
आणि काठी टेकत स्वतः टपालपेटीपर्यंत जातो.
त्यानंतर दोन दिवस त्याला उठवत नाही.

शेजारच्या हेरिटीबाईंचा खुबा अकरा दिवसांत झाला.
विमा होता.
डॉक्टर तोच. सोमवारी बापाच्या रांगेचा, गुरुवारी त्यांचा.
एप्रिलमध्ये त्या गुडघे टेकून वाफ्यात कांदे लावत होत्या.
मग सफरचंदाचा केक घेऊन आल्या.
बापाने दोन तुकडे खाल्ले, छान झालाय म्हणाला.
केकविषयीच बोलले दोघं, तासभर.

मला हेरिटीबाईंचा राग येत नाही.
येत नाही, याचा थोडा येतो.
दुसरं दार आहे, उघडं आहे,
आणि त्या दारातून आत जाणारा प्रत्येक जण
पहिल्या दाराशी ताटकळणाऱ्या कुणाचा तरी
गुरुवार घेऊन जातो.
आणि तरी,
खांदा.

"साठ राहिल्यात," फिआक्रा ओरडला, "भरतीला चाळीस मिनिटं!"
पाणी वाद घालत नाही.
घोट्याशी येतं, मग पोटरीशी.

गाडीत बसून हातमोजे काढले.
फोनला अंगठा लावला. ओळखेना.
शिंपल्यांनी रेषा कापून टाकलेल्या.
पुसला, फुंकर घातली, पुन्हा लावला.
चौथ्या खेपेला फोन म्हणाला, अभिनंदन.

संध्याकाळी बापाकडे गेले. टेबलावर पत्र होतं, नवं.
"पेन आहे का गं?"
दिलं.
त्याने खूण केली, पाकीट चाटून बंद केलं.
"मी टाकते," म्हटलं, "जाता जाता."
"तू कशाला? माझं आहे ते," म्हणाला,
आणि काठी शोधू लागला.

काठी माझ्या खुर्चीमागे होती.
मला ती केव्हाची दिसत होती.