मोकळा गाळा

कोपरखैरणे, माथाडी वसाहत, दुसरा मजला,
रात्रीचे सव्वाअकरा.
धैर्याच्या पडद्यावर शहर उगवतंय हप्त्याहप्त्यानं:
आधी खांब, मग खांबांवरचे दिवे,
रस्ता अजून यायचाय,
आणि ज्या भिंतीआड आपण लपलोय असं त्याला वाटतंय
ती भिंत आलेलीच नाही.
समोरच्याला तो स्वच्छ दिसतो. ढप्.
"ताई, ही चीटिंग आहे."

चीटिंग नाही रे. डिस्क शंभर टक्के.
आलेख बघ, पठारासारखा सपाट, कुठं उतारच नाही.
रॅम निम्मी रिकामी,
ग्राफिक्स कार्ड (सात हप्ते बाकी) जांभया देतंय,
सगळे हाताची घडी घालून उभे
एका फिरणाऱ्या तबकडीपायी.

झाकण काढलं. पंख्यातली धूळ जुन्या टूथब्रशनं काढली.
केबल बदलली. पोर्ट बदललं.
अँटिव्हायरस दोन निघाले, एकमेकांवर पाळत ठेवून.
एकाला घरी पाठवलं.
चार मिनिटांचं लोडिंग तीन पन्नासवर आलं.
मग विश्लेषण चालवलं:
सत्तेचाळीस टक्के विखुरलेलं.

"म्हणजे काय?" दारातून आबा.
कमरेला पट्टा, हातात स्टीलचा पेला.
मी सांगू लागले, फाइल एकच, पण तुकडे दहा ठिकाणी,
वाचणारी सुई इकडून तिकडे...
त्यांनी मध्येच तोडलं.
"म्हंजे लॉट एक अन् थप्प्या पाच गाळ्यांत.
लासलगावचा ट्रक येतो, जागा नसते.
वीस गोण्या इथं, चाळीस बटाट्याच्या मागं,
उरल्या त्या जिन्याखाली.
गिऱ्हाईक म्हणतं काढा माझा माल,
आन् शेठला वाटतं हमाल मंद झाला."

महापेला हेडफोन लावून
मी रोज लोकांना हेच समजावते.
मला हे इतकं नीट कधी जमलं नाही.

"मग लावा की एका जागी."
लावायला जागा लागते, आबा. सत्त्याण्णव टक्के भरलीय.
"लागणारच. एक गाळा मोकळा असल्याबिगर
थप्पी हलत नाही."

तिघं बसलो उपसायला.
दिवाळीत उतरवलेले तीन गेम, एकदाही न उघडलेले.
जिंकल्याची रेकॉर्डिंगं, एकशेदहा जीबी,
हरल्याचं एकही नाही.
"ठेव ना दोन," धैर्या म्हणाला. ठेवली दोन.
बारा चाळीसला जागा झाली. बटणावर बोट ठेवलं
आणि ऐकू आलं:
टक्. टक्.
थांबून,
टक्.

तब्येतीचा अहवाल काढला.
खराब सेक्टर तीनशे बारा, राखीव संपत आलेले.
ऑफिसात ही पहिली पायरी असते,
भिंतीवर चिकटवलेली.
घरच्याचं मात्र आपण शेवटी बघतो.

"ताई, दाब ना."
"थांब," आबा म्हणाले.
वाशीच्या डॉक्टरांनी काळी फिल्म उजेडात धरून
त्यांनाही हाच शब्द सांगितला होता, डिस्क.
मग मुकादमानं महिनाभर हलकं काम दिलं:
गाडी भरायची नाही, फक्त थप्प्या नीट लावायच्या.
"नीट लावणं हलकं नसतं, पोरी.
एकेक गोणी तीनदा उचलावी लागते.
पाठ गेलेल्याला आवरायला लावू नये.
आधी माल बाहेर काढ."

बोट काढलं. बाहेरची ड्राइव्ह जोडली.
धैर्याचे सेव्ह केलेले गेम, त्याचं बारावीचं प्रोजेक्ट,
गावच्या यात्रेचे फोटो, त्यात निम्मे नुसते पाय.
उरलेला वेळ: चार तास.
मग अकरा मिनिटं.
मग नऊ तास.
धैर्या खुर्चीतच झोपला, हेडफोन गळ्यात.

आबांना म्हटलं, पडा आता, सकाळी बघू,
नवी घेऊ, न फिरणारी.
ते हलले नाहीत.
स्टूल ओढून कॅबिनेटला कान लावून बसले,
टक् आलं की फक्त भुवई हलायची.
"चाललंय अजून," मला म्हणाले.
"घाई नको करू त्याला."