तुरीच्या दाण्याएवढं

शनिवारी रात्री साडेअकराला हेमांगीनं मला हलवून उठवलं.
बोलली नाही. गालावर बोट ठेवलं.
मागच्या दाढेपाशी तार निसटलेली,
टोक आत रुतलेलं.

आखाजी दोन दिवसांवर.
गल्लीतल्या निंबाला झोके बांधून झालेले,
सगळं चोपडं गच्च्यांवर निजलेलं,
भिंतीला हात लावला तर दुपार अजून आतच.
आणि फिरके मॅडमचा दवाखाना तापीपलीकडे, जळगावला,
सोमवारपर्यंत बंद.

मी सोनार.
तीस वर्षं तार ओढतोय जंतरातून,
केसाएवढी होईपर्यंत.
खाली पेटीत सात पकडी आहेत माझ्या.
सगळ्यात बारकी वडलांची,
तोंड चिमणीच्या चोचीसारखं.
तीच घेऊन वर आलो.
पोरीला म्हटलं, मोबाइलचा उजेड धर, आ कर.

तिनं केला.
इतक्या जवळून ते काम पहिल्यांदाच बघत होतो.
दातादातावर एक कोंदण,
खड्याच्या जागी तारेला रस्ता.
कुठे झाळ वर आलेली नाही, कुठे खरवड नाही.
मनात म्हटलं, मजुरी वाजवी घेतात बाई.

तेवढ्यात जिन्यातून तिची आई:
"तिना तोंडमा पक्कड नका घालू!
ते काय मंगळसूत्रनी तार शे?"

मुशीसमोर न हलणारा हात
तिथं हलला.
सोन्याचा कण उडाला तर मी झाडू मारतो,
राख चाळतो, दिवस लागला तरी शोधून काढतो.
हा तुकडा उडून घशाखाली गेला
तर कुठली राख चाळू?

पक्कड खिशात ठेवली.

मेणाची डबी फ्रिजमध्ये, कोथिंबिरीशेजारी.
मागच्या आठवड्यात दप्तरात वितळून
भूगोलाची वही चिकटवली होती तिनं,
तेव्हापासून तिथं.
मी डबी उघडणार, तर पोरीनं माझी बोटं धरली.
"बाबा, हात. साबणानं."
तेजाबाचे, टाकणखाराचे हात.
दोनदा धुवायला लावले.

मग कापसानं दाढ पुसली, तार पुसली.
मी म्हटलं, मेण मला शिकवतेस?
मेणाच्या काडीनं हिरे उचलतो मी.
"ओल्यावर बसत नाही," ती म्हणाली,
अर्धं तोंड उघडं ठेवून.
खरं होतं. ओला खडाही उचलत नाही काडी.

तुरीच्या दाण्याएवढं घेतलं,
बोटांच्या उबेत वळलं,
टोकावर ठेवून दाबलं, हलकेच,
जसा खडा बसवताना श्वास धरतो तसा धरून.
तिनं जीभ फिरवली.
आणि खांदे खाली आले तिचे.

सकाळी खाण्याआधी काढायचं,
काढलेलं पुन्हा लावायचं नाही, दात घासून नवं.
हे सगळं तिला पाठ,
तरी पोह्यांबरोबर एक गोळी गेलीच पोटात.
मी घामाघूम. फोन केला.
मॅडम हसल्या. "निघून जाईल, काळजी नको.
पण मेण म्हणजे इलाज नाही, सोमवारी या.
आणि घरी काही कापलं नाहीत ना?"
नाही, म्हटलं.
खिशातल्या पकडीबद्दल बोललो नाही.

सोमवारी पहिली एसटी.
मॅडमनी एक वाकड्या मानेची पक्कड आत घातली,
कट असा आवाज,
आणि तुकडा पडला नाही.
कापलेलं टोक तिनं स्वतःच धरून ठेवलेलं.
तीस वर्षांत अशी पक्कड पाहिली नव्हती.
कुठे मिळते, विचारणार होतो,
हेमांगीनं डोळ्यांनीच गप्प केलं.

मॅडमनी तुकडा माझ्या तळहातावर ठेवला.
सवयीनं मी हात थोडा वरखाली केला.
गुंजभरसुद्धा नव्हता.