पेजेची निवळी

सोहारच्या इस्पितळात रात्री अडीचला
खाली लॅबमध्ये कुणाच्यातरी कण्याचं पाणी येतं.
एरवी ते इतकं नितळ असतं
की ट्यूब रिकामीच आली समजून
एकदा मी परत पाठवणार होते.
आजचं मात्र पेजेच्या निवळीसारखं.

लेबलवर: बालशंदर कंबली, पुरुष, चौतीस,
बंदराजवळचा कॅम्प, खोली नऊ.
अरबीत च नाही, भ नाही,
लिहिणाऱ्याने जमेल तसा माणूस लिहिला.
मी मनातल्या मनात दुरुस्त करते:
भालचंद्र कांबळी.
म्हणजे मालवण. नाहीतर वेंगुर्ला.

प्लेटवर काही उगवलं नाही.
पहिला दिवस. दुसरा दिवस.
डॉक्टर शम्सा फोनवर म्हणाल्या,
सुई घालायच्या आधीच दोन इंजेक्शनं गेली होती,
जिवंत काय सापडणार तुला?

जिवंत नव्हतंच काही.
मशीनने पडद्यावर एकेक शिखर उभं केलं,
फुटलेल्या जंतूंची प्रथिनं.
खोली नऊमधला एखादा व्हिसा संपून गेला
की कॉटखाली उरतात ना
एक सेफ्टी बूट, अर्धा लाइफबॉय,
तशी.

त्यातलं एक भोकं पाडणारं.
धनी जिवंत असेतो घरात पडून राहतं,
धनी फुटला की बाहेर.
औषधाने जंतू मारले ते बरोबरच केलं,
नाहीतर माणूस गेला असता.
पण कानाच्या शंखात बारीक केसांचं एक शेत असतं
आणि ते पाणी तिथवर पोचतं.
हे मी रिपोर्टात लिहिलं नाही.
तिथे जागा नावाला आणि आकड्याला.

अकराव्या दिवशी वॉर्डातून लिसम्मा सिस्टरचा फोन:
तुझ्या भाषेचा आहे, वर ये, आम्हाला काही कळत नाही.

तो बोलत होता. फार मोठ्याने.
उशीवर मोबाईल, स्पीकर चालू,
त्यातून त्याची आई,
"भालू, आयकतंस मां? भालू?"
आणि तो माझ्याकडे बघून ओरडला,
"रेंज नाय हय!"

खिशातल्या पाकिटाच्या पाठीवर मी लिहिलं:
फोन लागला आहे. आई बोलते आहे.
त्याने एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचलं.
मग मोबाईलकडे बघत राहिला,
गरम तव्याकडे बघावं तसा.
"ती काय म्हणता?"

मी लातूरची. मालवणी कशी लिहितात
मला माहीत नाही.
जेवलंस काय, फणस धरलेत,
सायबान सुट्टी दिल्यान काय,
आयकतंस मां,
जमेल तसं लिहीत गेले.
ती थांबेना.
पाकीट भरलं तेव्हा लिसम्माने
मागून एक पाठकोरा केसपेपर पुढे केला.