बारीक अक्षर

बझाँसों शहरात, नदीच्या वेढ्यात,
घड्याळांच्या कारखान्यासाठी
ओनोरीन पेतेला माणसं वाचायची.

माणसं म्हणजे अर्ज. शाईचे, हातानं लिहिलेले,
टंकलिखित चालणार नाही असं जाहिरातीतच छापलेलं.
मंगळवारी गठ्ठा यायचा, शुक्रवारी परत जायचा,
प्रत्येकाला टाचलेली तिची चिठ्ठी,
चार ओळींची, हिरव्या शाईत.

'टी'ची आडवी रेघ डोक्यावरून उडालेली:
महत्त्वाकांक्षा आहे, बूड स्थिर नाही.
'जी'चं पोट भरलेलं: खाणारा, खिलवणारा, उसनं मागणारा.
'आय'वरचा टिंब विसरला, तीनदा.
बारीक चाकांपाशी याला बसवू नका.

एका पोराला तिनं नाकारलं
समासच सोडला नव्हता म्हणून.
कडेपासून कडेपर्यंत लिहीत गेला होता,
जसं कुणी खोलीत शिरतं आणि दार लावत नाही.
(घरात कागद एकच असेल.
हे तिला नाही सुचलं, मला आत्ता सुचतंय.)

आपल्याकडे अक्षराला वळण असतं
आणि पोरांनाही वळण असतं, शब्द एकच.
ओनोरीनला मराठी येत नव्हती,
पण तिची सगळी विद्या याच शब्दावर उभी होती.

नवरा फेर्नाँ. पूल खात्यात नकाशांवर नावं घालायचा.
लग्नाआधीची त्याची पत्रं तिनं भिंगाखाली धरली होती,
प्रेमानं नव्हे, म्हणजे प्रेमानंही.
ऐसपैस अक्षर, ओळीत जेमतेम तीन शब्द मावायचे.
उदार, असं मनात टाचून तिनं होकार दिला.

ती चिठ्ठी तेहतीस वर्षं खरी ठरली.

मग एकदा बाजाराच्या यादीत
गाजरं बारीक दिसली.
ओळ सुरू व्हायची बरी, आणि शेवटाकडे
मुंग्या एकमेकींच्या अंगावर.
चीज. बल्ब. मेणबत्त्या. शेवटी बहुतेक साबण.
तिनं चष्मा पुसला. भिंग आणलं.
स्वयंपाकघरात, नवऱ्याच्या यादीवर, भिंग.

आक्रसलेला हात: काहीतरी दडवतोय.
दाब कमी: मन दुसरीकडे.
पंचवीस याद्या तिनं पिठाच्या डब्यात जमवल्या,
तारखा घालून,
आणि रात्री पाठ करून झोपू लागली.
काय झालं, त्यानं विचारलं.
तुला माहीत, ती म्हणाली.
त्याला माहीत नव्हतं. पांघरुणाखाली
त्याचा अंगठा बोटावर
न दिसणारी गोळी वळत होता.

डॉक्टर तरुण होती, तिचं स्वतःचं अक्षर भयंकर.
तिनं फेर्नाँला एक वाक्य लिहायला सांगितलं,
तेच, पाच वेळा.
आज हवा बरी आहे.
पाचव्या ओळीत हवा दिसेनाशी झाली.
डॉक्टरनं कागद ओनोरीनकडे सरकवला,
बोटानं उतार दाखवला, आजाराचं नाव सांगितलं.
चार ओळी लागल्याच नाहीत.

घरी येऊन तिनं डबा उघडला.
पिठाच्या बोटांनी एकेक यादी दिव्याखाली धरली.
जिथं तिनं साबण वाचला होता
तिथं शाई होती. हिरवी.
त्या आठवड्यात एक बाटली टेबलावर आली होती खरी.
कुणी आणली, हे तिनं वाचलंच नव्हतं.

मंगळवारी गठ्ठा आला.
एका अर्जाचं अक्षर कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं.
तिनं टोपण काढलं, थांबली,
मग एवढंच लिहिलं: भेटून पाहा.
कारखान्यानं याबद्दल फोन केला. तिनं घेतला नाही.

बाजाराची यादी आता ती लिहिते.
तो सांगतो. कांदे, म्हणतो, आणि
पुढचं ऐकू येत नाही,
आवाजही आता बारीक होत चाललाय.
ती पेन ठेवते,
खुर्ची ओढून त्याच्या तोंडाशी कान नेते.
पुन्हा सांग, म्हणते.